स्टॉकहोमची बेटं: आधी परतीची बोट, मग बाकी सगळं

स्टॉकहोमहून बेटांवर जाणाऱ्यांची सहल फसते ती बहुतेक वेळा तीन ठिकाणी. चुकीच्या धक्क्यावर जाऊन उभं राहणं, वेळापत्रकातला वार चुकीचा वाचणं, आणि शेवटची बोट किती वाजता सुटते हे न बघता बेटावर उतरणं. पुण्याहून कंपनीच्या कामाला गेलेले लोक मधला शनिवार-रविवार साधून निघतात. त्यांच्याकडे एकच दिवस असतो, त्यामुळे चूक झाली की तो दिवस गेलाच. पुढचे टप्पे त्याच क्रमाने घ्या. विशेषतः पाचवा आणि सहावा टप्पा घाईत वाचू नका.

१. महिना ठरवा

बोटींचं उन्हाळी वेळापत्रक साधारण जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत चालतं. याच काळात फेऱ्या सर्वांत जास्त असतात, बेटांवरची दुकानं आणि खानावळी रोज उघड्या असतात. मे आणि सप्टेंबरमध्ये हवा अनेकदा छान असते, गर्दीही कमी असते, पण फेऱ्या कमी होतात आणि काही बेटांवर जेवण फक्त शनिवार-रविवारी मिळतं. हिवाळ्यातही बोटी धावतात, कारण बेटांवर लोक बारा महिने राहतात. मात्र डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा असतो, तेव्हा पहिल्या भेटीसाठी तो काळ नको.

सावधान: मिडसमर हा सण १९ ते २५ जूनच्या दरम्यान येणाऱ्या शुक्रवारी असतो. त्या दिवशी शहर रिकामं होतं, दुकानं बंद असतात, बोटी सामानासुमानासह निघालेल्या कुटुंबांनी भरून जातात आणि वेळापत्रकही वेगळं असतं. त्या आठवड्यात जायचं असेल तर राहण्याची सोय काही महिने आधी करा. एरवीसुद्धा जुलैत बेटांवरच्या खोल्या लवकर संपतात.

२. निघण्याआधीची तयारी

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे सीमा खुल्या असलेल्या युरोपीय देशांचा सामायिक. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. उन्हाळ्यासाठी मात्र पंधरा दिवसांच्या भरवशावर राहू नका, अपॉइंटमेंटच मिळत नाही. डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन असा एकत्र प्रवास असेल तर जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री सारख्या असतील तर ज्या देशात आधी पाऊल टाकणार त्याच्याकडे. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो आणि तो शेंगेनमधला प्रत्येक दिवस झाकणारा हवा, परतीच्या विमानाचा दिवसही त्यात आला.

पैशाबाबतची चूक सर्वांत जास्त होते. स्वीडनमध्ये रोकड जवळपास चालतच नाही. बसमध्ये नाही, अनेक कॅफेंत नाही, सार्वजनिक शौचालयाच्या दारावरही बहुधा कार्डच लागतं. म्हणून व्हिसा किंवा मास्टरकार्डचं एक कार्ड आणि वेगळ्या बँकेचं दुसरं कार्ड घ्या. दोन्हींवर बँकेच्या अॅपमधून आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करा आणि टॅप करून पैसे देण्याची सोयही सुरू करा. भारतीय बँकांत ही दोन बटणं वेगवेगळी असतात. पहिलं सुरू आणि दुसरं बंद, असं झालं की माणूस मेट्रोच्या फाटकावर अडकतो. पिन पाठ हवा.

'स्विश' नावाची पाटी जागोजागी दिसेल. ती तिथली मोबाइल पैसे देण्याची पद्धत आहे आणि तिला स्वीडनमधलं बँक खाते लागतं. बेटांवर अंगणाबाहेर मांडलेल्या मध-भाज्यांच्या टेबलावर कधी कधी फक्त स्विशच चालतं. तिथे पाहुण्याने हात चोळत पुढे जायचं.

खाण्याचं: युरोपीय संघाबाहेरून प्रवासी सामानात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, खव्याच्या वड्या, तूप हे घरीच ठेवा. भडंग, मेतकूट, कोरड्या चटण्या, शेंगदाण्याचे लाडू यांना अडचण नाही. शाकाहारी माणसाला शहरात काही कमी पडत नाही, पण लहान बेटावर एकच खानावळ असते आणि तिथे माशांचाच जोर असतो. डबा बरोबर हवाच.

कपडे थरांत घाला. जुलैत दुपारी २०–२४ अंश असले तरी बोटीच्या डेकवर वारा थेट अंगावर येतो. एक वारा अडवणारं जॅकेट, एक पातळ स्वेटर, लांब पँट आणि चांगली पकड असलेले बूट एवढं प्रत्येकाकडे असू द्या. छत्री निरुपयोगी, वाऱ्यात उलटते.

३. विमानतळावरून शहरात

आरलांडा विमानतळावरून चार मार्ग आहेत. आरलांडा एक्स्प्रेस साधारण वीस मिनिटांत मध्यवर्ती स्थानकात पोहोचवते, पण महाग आहे आणि तिचं तिकीट वेगळं. विमानतळाची बस पाऊण तास घेते. तिसरा मार्ग लोकलचा. ती विमानतळाखालच्या स्थानकातूनच सुटते, मात्र त्या स्थानकात ये-जा करायला शंभराहून जास्त स्वीडिश क्रोनांचं वेगळं शुल्क पडतं. शहराचा पास हातात असला तरी ते चुकत नाही.

स्वस्त मार्ग चौथा: ५८३ क्रमांकाची बस घेऊन मेर्श्ता स्थानकात जा आणि तिथून लोकल पकडा. शहराच्या साध्या तिकिटात हे सगळं बसतं. सामान जास्त असेल, आई-बाबा बरोबर असतील, तर हा मार्ग टाळून सरळ विमानतळाची बस घ्या. वाचलेले पैसे पाठदुखीत जातात.

शहराच्या वाहतुकीचं एकेरी तिकीट ७५ मिनिटं चालतं. मेट्रो, बस, ट्राम आणि लोकल त्यात हवी तशी बदलता येते. बसचालक तिकीट विकत नाही. फाटकावर कार्ड टॅप करून जाता येतं, पण एका कार्डावर एकच प्रवासी. चौघे असाल तर चार कार्डं लावा, नाहीतर एसएल या वाहतूक संस्थेच्या अॅपमध्ये चार तिकिटं काढा. दिवसात तीन-चार फेऱ्या होणार असतील तर २४ तासांचा, ७२ तासांचा किंवा आठवड्याचा पास घ्या.

तपासणी: अॅप भारतातच उतरवून कार्ड जोडून पाहा. ओटीपी येणारा फोन नंबर परदेशात चालू राहणार का, हेही आत्ताच बघा.

४. शहरातलं पाणी ओळखा आणि एक सराव फेरी करा

स्टॉकहोम दोन पाण्यांच्या मध्ये आहे. पश्चिमेला मेलारेन हे गोड्या पाण्याचं सरोवर, पूर्वेला बाल्टिक समुद्र. सरोवराची पातळी समुद्रापेक्षा साधारण पाऊण मीटर वर आहे आणि मधे स्लुसेनला जलद्वार आहे. हे कळलं की धक्क्यांचा अर्धा गोंधळ मिटतो. सिटी हॉलजवळच्या धक्क्यांवरून सुटणाऱ्या बोटी सरोवरात जातात: ड्रॉटनिंगहोल्मचा राजवाडा, वायकिंगांच्या काळातलं बिर्का. समुद्रातल्या बेटांच्या बोटी स्ट्रोमकायेन, नीब्रोकायेन आणि स्ट्रांडवेगेन या पूर्वेकडच्या धक्क्यांवरून सुटतात. 'आयलंड टूर' एवढंच वाचून सिटी हॉलपाशी गेलेले लोक समुद्राऐवजी सरोवर बघून येतात.

पहिल्या दिवशी ८२ क्रमांकाची फेरीबोट घ्या. ती स्लुसेनहून यूरगॉर्डेनला जाते आणि तिला मेट्रोचंच तिकीट चालतं. उतरल्यावर वासा संग्रहालय चालत गाठता येतं. १६२८ मध्ये बुडालेलं आणि १९६१ मध्ये वर काढलेलं जहाज तिथे उभं आहे. त्याला दोन तास द्या. स्कान्सेन या खुल्या संग्रहालयासाठी अर्धा दिवस वेगळा ठेवा, दोन्ही एका दुपारी कोंबू नका.

सावधान: फेरीबोटीला तिकीट चाललं म्हणून ते बेटांच्या बोटीलाही चालेल असं नाही. बेटांची सार्वजनिक बोटसेवा वाक्सहोल्म्सबोलागेट चालवते. शहराचं ७५ मिनिटांचं तिकीट तिला चालत नाही. तिचं तिकीट अंतराप्रमाणे पडतं.

५. बेट निवडा

सगळ्या मिळून तीस हजारांच्या आसपास बेटं आणि खडक मोजले जातात. तुम्हाला एक हवं आहे. एका दिवसात दोन बेटं करण्याचा मोह आवरा. दोन बेटं म्हणजे निदान तीन बोटी, आणि दिवस धक्क्यांवरच जातो.

फ्येदरहोल्मार्ना अर्ध्या तासावर आहे. लहान मुलं, वयस्कर माणसं, किंवा हातात फक्त दुपार असेल तर हेच. तिथल्या बोटी साधारण मे ते सप्टेंबर चालतात.

वाक्सहोल्म हे बेट असलं तरी गाव आहे. दुकानं, किल्ला, लाकडी घरं, भरपूर खानावळी. जाताना बोट घ्या आणि येताना ६७० क्रमांकाची बस, ती थेट शहरात टेक्निस्का होगस्कोलान मेट्रो स्थानकापाशी आणते. परतीची काळजी नसलेलं हे एकमेव चांगलं बेट, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याला आम्ही हेच सुचवतो.

ग्रिंडा स्ट्रोमकायेनहून साधारण दीड तासावर. जंगल, खडक, पोहण्याच्या जागा, एक खानावळ. खरं 'बेट' हवं असेल आणि एकच दिवस असेल तर हे. इथला सापळा म्हणजे दक्षिण ग्रिंडा आणि उत्तर ग्रिंडा असे दोन धक्के आहेत आणि प्रत्येक बोट दोन्हींवर थांबतेच असं नाही. एका धक्क्यावर उतरून दुसऱ्यावरून परतायचं असेल तर मधलं चालणं धरून निदान पाऊण तास आधी निघा.

सांडहाम्न हे बाहेरच्या समुद्राच्या तोंडाशी आहे. शहरातून बोटीने गेलात तर दोन तासांहून जास्त लागतात. त्याऐवजी स्लुसेनहून ४३३ किंवा ४३४ बसने स्ताव्हस्नेसच्या धक्क्याला जाऊन तिथून बोट घेतली तर वेळ वाचतो. बसला शहराचं तिकीट चालतं. स्लुसेनला कित्येक वर्षं बांधकाम सुरू आहे आणि थांबे हलत असतात, त्यामुळे थांबा त्याच दिवशी अॅपमध्ये पाहा. बेटावर त्रूव्हिलची वाळूची चौपाटी आहे, गावातून चालत वीस-पंचवीस मिनिटं.

ऊटो दक्षिणेला, सायकलवाल्यांसाठी. वेस्टरहानिंगेपर्यंत लोकल, तिथून ८४६ बस, मग ऑर्स्टा ब्रिग्गा धक्क्यावरून बोट. इथे ठरलेली चूक होते: त्याच लोकलच्या वाटेवर ऑर्स्टाबेर्ग नावाचं स्थानक लागतं आणि शहरात ऑर्स्टा नावाचं उपनगरही आहे. नकाशात नुसतं 'ऑर्स्टा' टाकणारा तिथेच उतरतो. बेटावरही ग्रूव्हब्रिग्गान आणि स्प्रेंगा असे दोन धक्के आहेत. सायकली, दुकान आणि खानावळ ग्रूव्हब्रिग्गानपाशी आहे, तिथेच उतरा.

फिनहाम्न आणि मोया ही मुक्कामाची बेटं. एका दिवसात जाऊन यायला वेळ पुरतो, पण निम्मा दिवस बोटीत जातो.

६. वेळापत्रक उलटं वाचा

कोकणात खाडी ओलांडताना भरती-ओहोटी बघतात. बाल्टिकमध्ये ती जवळपास नसतेच, इथे सगळा हुकूम वेळापत्रकाचा. ते असं वाचा.

(अ) आधी तारीख कोणत्या हंगामात बसते ते पाहा. जूनचं वेळापत्रक सप्टेंबरला लागू नाही, आणि शोधात वर येणारी पीडीएफ गेल्या वर्षीची असू शकते. वरच्या ओळीतल्या तारखा वाचल्याशिवाय खाली जाऊ नका.

(आ) वार वाचा. स्वीडिश वेळापत्रकात एल म्हणजे शनिवार आणि एस म्हणजे रविवार. इंग्रजीच्या सवयीने एस म्हणजे सॅटर्डे समजून लोक शनिवारी धक्क्यावर येतात आणि रविवारच्या बोटीची वाट बघत बसतात. सणाच्या आदल्या दिवशीचं आणि सणाचं वेळापत्रकही वेगळं छापलेलं असतं.

(इ) आता परतीची पानं उघडा, जाण्याची नव्हे. तुमच्या धक्क्यावरून शहराकडे येणारी शेवटची बोट शोधा. तिच्या आधीची बोट ही तुमची परतीची बोट. शेवटची बोट राखीव, ती फक्त चूक झाली तर.

(ई) त्या बोटीतून मागे मोजा. बेटावर निदान चार तास हवेत. ते वजा करून जाण्याची बोट निवडा. चार तास मिळत नसतील तर बेट बदला. सकाळी सहाला उठण्याचा निश्चय या कामी येत नाही.

(उ) तळटिपा वाचा. काही फेऱ्या आधी फोन करून मागवल्या तरच येतात, काहींत मधे बोट बदलावी लागते. न समजलेली खूण भाषांतराच्या अॅपला दाखवा. 'इन्स्टेल्ड' हा शब्द दिसला की ती फेरी रद्द.

(ऊ) जाण्याच्या आणि परतीच्या दोन्ही पानांचे फोटो फोनमध्ये ठेवा. काही बेटांवर नेटवर्क कुठे येतं, कुठे जातं.

तपासणी: कागदावर चार गोष्टी लिहिलेल्या असल्या पाहिजेत. सुटण्याचा धक्का आणि वेळ, उतरण्याचा धक्का, परतीच्या बोटीची वेळ, राखीव बोटीची वेळ. यातली एक जरी रिकामी असेल तर अजून तयारी झालेली नाही.

उन्हावरून वेळ ओळखायला जाऊ नका. जूनच्या शेवटी सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो. आठ वाजता आपल्याकडच्या साडेचारसारखं ऊन असतं, आणि शेवटची बोट तोवर गेलेली असते. घड्याळात गजर लावा.

७. धक्क्यावर आणि बोटीत

स्ट्रोमकायेन ग्रँड हॉटेलच्या समोर आहे. कुंग्सत्रेगॉर्डेन हे मेट्रो स्थानक सर्वांत जवळचं. उन्हाळ्यात २५–३० मिनिटं आधी पोहोचा, शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी त्याहून आधी. जागा राखून ठेवता येत नाही आणि बोट भरली की भरली.

१. फलकावर वेळ आणि थांब्यांची यादी पाहा. एकाच वेळी तीन-चार पांढऱ्या बोटी लागलेल्या असतात आणि सगळ्या सारख्याच दिसतात. यादीत तुमचा धक्का नसेल तर ती तुमची बोट नाही.

२. शेजारच्या धक्क्यांवरून खासगी कंपन्यांच्या बोटी सुटतात. त्या ग्रिंडा, सांडहाम्नलाही जातात, त्यांचं तिकीट आधी ऑनलाइन काढता येतं आणि गर्दीच्या दिवशी तेच सोयीचं. पण एका कंपनीचं परतीचं तिकीट दुसऱ्या बोटीला चालत नाही.

३. चढताना कर्मचारी कुठे उतरणार ते विचारतात. बेटाचं नाव सांगू नका, धक्क्याचं नाव सांगा. 'ग्रिंडा' नव्हे, 'दक्षिण ग्रिंडा'. कुणी उतरणारं नसेल तर छोट्या धक्क्यावर बोट थांबतच नाही.

४. तिकीट बोटीवर कार्डाने मिळतं.

५. तुमच्या थांब्याच्या दहा मिनिटं आधी खाली दाराशी येऊन उभे राहा. बोट धक्क्याला जेमतेम मिनिटभर टेकते. वरच्या डेकवर फोटो काढत बसलेल्यांसाठी ती थांबत नाही.

उतरायची फळी अरुंद आणि कधी कधी उताराची असते. गुडघेदुखीच्या माणसाने कर्मचाऱ्याला आधी सांगितलं तर ते हात देतात.

८. बेटावर

उतरल्या उतरल्या धक्क्यावरचं वेळापत्रक आणि तुमच्या फोनमधलं जुळवून घ्या. हे एक मिनिटाचं काम.

पाणी प्रत्येकी दीड लिटर बरोबर हवं. समुद्राचं पाणी कमी खारट असलं तरी पिण्याजोगं नाही, आणि विहिरींचं पाणी उन्हाळ्यात टंचाईचं असतं.

स्वीडनमध्ये दुसऱ्याच्या मालकीच्या रानातून चालण्याचा, रानबेरी आणि अळंबी गोळा करण्याचा हक्क सगळ्यांना आहे. घराचं अंगण आणि घरालगतची जागा मात्र त्यात येत नाही. खासगी धक्क्यावर बसून डबा उघडू नका. अळंबी ओळखता येत नसतील तर बघून पुढे जा. खडकावर शेकोटी कधीच नको, उष्णतेने ग्रॅनाइट तडकतो आणि तो डाग कायमचा राहतो. कोरड्या उन्हाळ्यात तर आग लावायलाच बंदी असते. पक्ष्यांसाठी राखलेल्या बेटांवर विणीच्या हंगामात उतरायला मनाई असते, तिथल्या पाट्या कयाक घेऊन फिरणाऱ्यांनी बघाव्यात.

पोहणं: जीवरक्षक नसतो. पाण्याखालचा खडक शेवाळाने निसरडा असतो आणि एका पावलावर खोल पाणी येतं. आधी बाहेर यायची जागा शोधा, शिडी असली तर उत्तम, आणि मगच आत जा. जुलै-ऑगस्टमध्ये पाण्यावर हिरवट-पिवळा दाट थर दिसला तर ते विषारी शेवाळ असू शकतं. मुलांना त्यात सोडू नका.

गोचिडी: ही थट्टेची गोष्ट नाही. स्टॉकहोमची बेटं गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या क्षेत्रात येतात, लाइम रोगही त्यांच्यामुळेच होतो. उंच गवतात लांब पँट घाला, तिचं टोक मोज्यात खोचा. संध्याकाळी गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, मुलांच्या केसांच्या कडेला तपासा. सापडली तर तेल-रॉकेल न लावता, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या चिमट्याने त्वचेच्या अगदी जवळ धरून सरळ ओढा. नंतरच्या काही आठवड्यांत त्या जागी पसरणारं लाल वर्तुळ उठलं किंवा ताप आला तर डॉक्टरकडे जा, आणि भारतातल्या डॉक्टरला बेटांवर गेल्याचं आवर्जून सांगा. महिनोन् महिने राहणार असाल तर मेंदूज्वराच्या लसीचं आधी विचारा. तिचे डोस अंतराने घ्यावे लागतात.

९. परतीची बोट थांबवा

लहान धक्क्यावर नुसतं उभं राहून चालत नाही. धक्क्याच्या टोकाला एक खांब आणि त्यावर फिरणारी किंवा वर उचलता येणारी तबकडी असते. बोट दिसू लागली की तबकडी बोटीकडून दिसेल अशी करा. कप्तान ती बघून बोट वळवतो. अंधार असेल तर बोटीच्या दिशेने टॉर्च उघडझाप करा. चढताना शेवटच्या माणसाने तबकडी पुन्हा पाडायची, नाहीतर पुढची बोट रिकाम्या धक्क्याला येते. दुसऱ्याच दिशेला जाणाऱ्या बोटीला खूण केलीत असं लक्षात आलं तर ताबडतोब खाली करा.

धक्क्यावर पंधरा मिनिटं आधी या. रविवारी दुपारनंतर आणखी आधी, कारण सगळं शहर त्याच वेळी परत निघतं. म्हणूनच राखीव बोट हवी.

आणि शेवटचीही चुकली तर? आधी बेटाच्या दुसऱ्या धक्क्यावरची वेळ बघा. मग खानावळीत किंवा दुकानात विचारा, एखादी खोली रिकामी असू शकते. त्यानंतर टॅक्सीबोट. तिचं भाडं हजारांत जातं, पण ते बोटीमागे असतं, माणसामागे नाही, त्यामुळे धक्क्यावर आणखी कुणी अडकलं असेल तर भाडं वाटून घ्या. ११२ हा क्रमांक जिवाच्या संकटासाठी आहे, बोट चुकल्यावर तो लावायचा नाही.